नलिनी वजा कमळ

आमच्या घरासमोरच्या शाळेच्या फाटकावर दहावीच्या परीक्षा केंद्राचा फलक लागला की माझ्या पोटात गोळा येतो. वय सदुसष्ट, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, अर्धे दात दवाखान्यातून आणलेले, आणि पोटातला गोळा मात्र अस्सल, पंधरा वर्षांच्या पोरीचा. आर्णीत हे दिवस मोठे गोंधळाचे असतात. तूर निघून गेलेली असते, हरभरा खळ्यात आलेला असतो आणि कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीची वाळकी झाडं शेतात उगाच उभी असतात, कोणी घ्यायला न आलेल्या पाहुण्यांसारखी. रस्त्याच्या कडेचा पळस एकदम पेटतो आणि आठ-दहा दिवसांत सगळा शेंदूर खाली टाकून मोकळा होतो. तापायचं की थांबायचं, हे उन्हाचं अजून ठरायचं असतं. फाटकाशी पारदर्शक पाकिटात पेन-पट्टी घेतलेली पोरं, त्यांच्याहून घाबरलेल्या आया, आणि गाडीवरून न उतरताच "शांतपनानं लिहिजो बरं!" असं जोरात ओरडणारे बाप.

मग घंटा होते. सगळं चिडीचूप. मी खिडकीत बसून ब्लाउजला हूक लावत असते, तो हात थांबतो.

"काय झालं वं?" आमचे हे वर्तमानपत्रामागून विचारतात. "तुहा पेपर हाय काय आज?"

"माहा झाला," मी म्हणते. "एकीचे दोन राह्यले."

हे उत्तर त्यांनी लग्नापासून दरवर्षी ऐकलं आहे. वर्तमानपत्राची घडीही हलत नाही.

ती एक म्हणजे नलू. नेर तालुक्यातल्या आमच्या खेड्यातून त्या वर्षी दहावीला दोनच मुली बसल्या, एक नलिनी आणि दुसरी शकुंतला. शकुंतला म्हणजे मी; पण तिला 'मी' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दोन वेण्या, त्यांना लाल फिती, आणि तोंड असं की दिवसभर मिटायचं नाव नाही. अख्ख्या नेर तालुक्यात अक्कल एकट्या आपल्यालाच वाटून मिळाली आहे, असा त्या पोरीचा पक्का समज होता. कोणी विचारो न विचारो, ती सांगायची. रस्ता विचारणाऱ्याला ती रस्ता सांगून वर त्याचं तिकडं काय काम आहे तेही विचारायची. आज ती मला भेटली तर मी तिला आधी एक धपाटा घालीन आणि मग हरभऱ्याचे भाजलेले घाटे खायला देईन, म्हणजे तोंड गुंतून राहील.

परीक्षेचं केंद्र नेरला होतं. नलूचे मामा तिथंच राहत, त्यामुळे दोघी पोरी महिनाभर मामांच्या मागच्या खोलीत. शेणानं सारवलेली जमीन, एक कंदील, दोघींत मिळून एक उशी. मागच्या बाजूला मोहाचं झाड होतं आणि पहाटे त्याच्या फुलांचा गोडसर, डोकं जड करणारा वास खोलीत भरायचा. त्या वासात शकूनं पानिपतच्या लढाया पाठ केल्या. आजही मोहाचा वास आला की मला आधी अब्दाली आठवतो.

नलू डावखुरी. शाळेत मास्तरांनी तिच्या डाव्या हातावर इतक्या छड्या मारल्या की ती उजव्या हातानं शुभेच्छापत्रासारखं सुबक लिहायला शिकली. पण परीक्षेत घाई झाली की पेन आपोआप डावीकडं जायचं. बोलायची थोडं. हसली की आधी खांदे हलायचे, आवाज मागून यायचा.

अर्ध्याहून जास्त पेपर झाले होते. एक दिवस दुपारी मारेगावकडच्या दोन बायका घरी आल्या. नलूची सोयरीक चालली होती हे घरात कानोकानी होतंच. त्या बसल्या, पाणी झालं, आणि शकूबाई कोणी न बोलावता दारात उभ्या. "आमची नलू लई हुशार हाय," तिनं सुरू केलं. "तिले पुढं अमरावतीले कॉलेजात जाचं हाय. मास्तरीन होनार हाय थे. घरी नाही बसनार." तिला वाटलं, आपण मैत्रिणीचं केवढं कौतुक केलं! त्या दोघी बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. ती नजर शकूला तेव्हा कळली नाही. मला मात्र पन्नास वर्षं कळते आहे.

दुसऱ्या दिवशी नलूला गावी नेलं. चौथ्या दिवशी लग्न. भूमिती आणि भूगोल, दोन पेपर राहिले. लग्न ज्या सकाळी लागलं त्या सकाळी शकू भूगोलाच्या पेपरात बसून रडत होती, आणि रडता रडता तिनं नकाशात गोदावरी अरबी समुद्रात सोडली.

नलू परत दिसली नाही. तिचे आईबाप पुढं गाव सोडून मोठ्या मुलाकडं गेले. दोन वर्षांनी शकूही आर्णीला दिली गेली. मग पोरं, शेत, सासूबाईंचं दुखणं, सुना, नातवंडं. त्यात शोधायला वेळ नव्हता असं मी म्हणते. खरं म्हणजे हिंमत नव्हती. आणि आता वाटतं, आपल्या दोघींपैकी एक जाण्याआधी तिला एवढं सांगावं, की बाई, तुझे दोन पेपर माझ्या तोंडानं बुडवले.

तर यंदा फाटकावर फलक लागला त्या दिवशी मी ठरवलं. पुण्याच्या नातीनं दिवाळीत मोबाईल दिला आहे, म्हणते आजी, सगळं जग यात आहे. सगळं जग असेल तर एक नलू असेलच की.

मी चष्मा पुसला आणि वरच्या चौकटीत लिहिलं. एक-एक अक्षर टोचून, पाऊण तास लावून, अगदी व्यवस्थित: माझी मैत्रीण नलिनी जिचं लग्न दहावीच्या पेपरच्या दिवसांत झालं आणि जिला मारेगावकडे दिली ती आता कुठे आहे आणि बरी आहे का.

उत्तर यायला डोळ्याचं पातं लवेल एवढाही वेळ लागला नाही, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पन्नास वर्षांच्या प्रश्नाला इतक्या तातडीनं कोण उत्तर देतं? दहावीचं वेळापत्रक आलं. मारेगावातल्या मंगल कार्यालयाचा पत्ता आला. खरी मैत्रीण कशी ओळखावी याच्या सात खुणा आल्या. त्यातल्या पाच वाचून माझीच मला शंका यायला लागली.

मग मी सगळं पुसून नुसतं 'नलिनी' लिहिलं. तर कमळ! तळ्यातलं कमळ, कुंडीतलं कमळ, कमळाची लागवड, कमळाच्या बियांचे मखाणे कसे भाजावेत. पुढं आठ दिवस मी मोबाईल उघडला की मखाणे. मी घाबरून गेले. मी विचारलं काय आणि याच्या डोक्यात बसलं काय!

"याले समजते काय काही?" मी यांना विचारलं.

"तुले समजते काय?" हे म्हणाले. "दोघं सारखेच दिसून राह्यले मले."

पण यांनाही फार बोलायचं तोंड नव्हतं. दिवाळीनंतर ह्यांनीच पऱ्हाटीवरच्या किडीचं विचारलं होतं, जसं बोलतात तसं, "पऱ्हाटी गचकून राह्यली काय कराव". काहीच्या बाही आलं. तेव्हा सूनबाईनं मोबाईल हातात घेतला होता. सूनबाई, म्हणजे प्रतिभा, इथल्या वाचनालयात काम करते. दिवसभर लोकांना हवं ते पुस्तक काढून देणं हाच तिचा धंदा, त्यामुळे विचारणाऱ्यांचा तिला भारी अनुभव आहे. ती म्हणाली, "बाबा, तुमच्यासारखं बोलनारा तिकडं लिहायले बसला नाही. लिहिनारा शेतकी शाळेत शिकला. थो पऱ्हाटी नाही म्हनत, कपाशी म्हनते. त्याच्या तोंडानं विचारा ना." आणि तिनं तीन शब्द लिहिले, कपाशी, किडीचं नाव, उपाय, आणि खाली ओळीनं सगळं हजर. ह्यांना ते उत्तर आवडलं नाही. उत्तर बरोबर होतं, पण सुनेनं काढलं होतं.

तेव्हा मी हसले होते. आता माझी पाळी होती.

"आई, एवढं मोठं वाक्य कायले लिहिता?" प्रतिभानं माझं लिखाण पाहून कपाळाला हात लावला. "थो तुमचं दुःख नाही वाचत. शब्द जुळोते. तुम्ही लिहिलं लग्न, त्यानं दाखोला हॉल. त्याची काय चूक?"

"अन् कमळ?"

"कमळ नको ना तुमाले? मंग तसं सांगा." तिनं 'नलिनी' लिहिलं, एक जागा सोडली, मग वजाचं चिन्ह देऊन त्याला चिकटून 'कमळ' लिहिलं. "हे म्हंजे, नलिनी पाहिजे, कमळ नको."

मी त्या ओळीकडं पाहतच राहिले. नलिनी वजा कमळ. नलूला बीजगणित कधी जमलं नाही. वजाच्या पुढं वजा आलं की ती पेन ठेवून खिडकीबाहेर पाहायची. आणि आज तीच समीकरणात बसली होती, एकीकडं ती, एकीकडं जे नको ते.

कमळं गेली खरी. पण आल्या कोण? नाशिकच्या कोणी डॉक्टर नलिनी. सोलापूरच्या चादरीवाल्या नलिनी. एक नलिनी ब्यूटी पार्लर. माहेरचं आडनाव जोडून दोघांभोवती अवतरणचिन्हं घातली, म्हणजे दोन्ही शब्द हातात हात घालूनच यावेत. तर त्या नावाचा पुरता माणूसच नाही. (आडनावं मी इथं लिहीत नाही. माहेर आणि सासर, दोन्हीकडचे लोक वाचतात आणि दोन्हीकडचे रुसतात.) रोज सकाळी पेपर सुरू झाल्याची घंटा व्हायची आणि मी आत बसून वजा आणि अवतरण करत राहायची. बाहेरच्या पोरांना निदान प्रश्न छापून मिळत होते. माझा प्रश्न कोणता, हेच मला धड कळेना. मी तिला शोधते आहे की तिच्याकडून काही ऐकायला शोधते आहे? ती नसलीच तर मला दुःख होईल की सुटल्यासारखं वाटेल? अशा विचारांनी हुकं उलटी लावली जात आणि मग उसवावी लागत.

हुकं, सुया, चष्म्याचा बारका स्क्रू, मोबाईलच्या कार्डाची ती टाचणी, हे सगळं मी एका चपट्या पत्र्याच्या डबीत ठेवते. माझी दहावीची कंपासपेटी. वरचं चित्र केव्हाच घासून गेलं, पण बिजागरी अजून शाबूत. माहेराहून आलेली भांडीकुंडी, ट्रंक, सगळं गेलं. ही तेवढी राहिली. शोधता शोधता हात चाळा म्हणून तिचं झाकण उघड-मीट करत राहतो. टक, टक. ह्यांना त्या आवाजाचा राग येतो, म्हणून जरा जास्तच करते.

एक दिवस दुपारी प्रतिभा जेवायला घरी आली. भाकरी मोडता मोडता म्हणाली, "आई, आमच्याकडं लोक येतात न, म्हनतात, थे लाल पुठ्ठ्याचं पुस्तक द्या. मी म्हनतो, पुठ्ठा तर बांधनीत बदलला असन. आत काय होतं थे सांगा. तुमच्या मैत्रिनीचं लग्नात नाव बदललं असन ना?"

माझा घास हातातच राहिला.

बदललं असणारच! आमच्याकडं कोणाचं बदललं नाही? लग्नाच्या संध्याकाळी ताटात तांदूळ पसरतात, नवरदेव अंगठीनं त्यात नाव लिहितो आणि सगळे ते मोठ्यानं वाचतात. माझ्या वेळी ह्यांनी 'सुनंदा' लिहिलं. मी समोर बसलेली, मला अक्षरं उलटी दिसत होती, त्यात ह्यांचं अक्षर. मला तर आधी ते 'सुगंधा' वाटलं. मी घरभर दोन दिवस सुगंधा होऊन हिंडले. मग कोणीतरी ताट हलवलं, नाव तांदळात मिसळलं, आणि बहुतेक दुसऱ्या दिवशी त्याचा भात झाला. शकुंतला त्या भातात गेली.

सगळं मला माहीत होतं. माझ्यावरून गेलेलं होतं. आणि तीन आठवडे मी मोबाईलवर लग्नाआधीचं नाव लिहून एका लग्न झालेल्या बाईला शोधत होते! ती शकू तरी पंधरा वर्षांची होती. माझ्याकडं तेवढीही सबब नाही. नलूच्या लग्नाला मी गेले असते तर ताटातलं नाव वाचलं असतं. पण मी पेपरात गोदावरी बुडवत होते.

प्रतिभा हात धुऊन कामावर गेली. मी मोबाईल घेतला आणि उगाच, कोणाला सांगू नका, 'शकुंतला' लिहून पुढं माझं माहेरचं आडनाव लिहिलं. अवतरणचिन्हं घातली. काही सापडलं नाही. एकही नाही. वेगळे शब्द वापरून पाहा, असा सल्ला मात्र मिळाला. म्हणजे समजा, नलूलाही नातीनं मोबाईल दिला असेल आणि तीही कुठं खिडकीत बसून मला शोधत असेल, तर तिलाही हेच दिसलं असेल. दोघी एकमेकींना हाका मारतो आहोत, आणि ज्यांना हाका मारतो आहोत त्या पोरी दोन ताटांतल्या तांदळात.

"जे बदललं नाही थे लिहा," प्रतिभा जाता जाता म्हणाली होती. मी विचार केला. काय बदललं नसेल? डावा हात. मी 'मारेगाव डावखुरी' लिहिलं. क्रिकेट खेळणाऱ्या पोरी आल्या, चांगल्या धडधाकट, पण त्यांत नलू नव्हती.

उत्तर मला खिडकीतूनच मिळालं. भूमितीच्या पेपरच्या दिवशी फाटकाशी पोरांच्या रांगेत एक बाई उभी होती. चाळिशीची असेल, गुलाबी साडी, हातात तेच पारदर्शक पाकीट. पोलिसानं तिला बाजूला व्हायला सांगितलं, पालकांनी इथं थांबू नये म्हणून. तिनं पदर सावरला आणि पाकिटातून स्वतःचं प्रवेशपत्र काढून त्याच्यासमोर धरलं. पोलीस हसला, बाई हसली नाही. आत गेली.

मी ती नाहीशी होईपर्यंत पाहत राहिले. मग मला एकदम आठवलं, नलू कधी हट्ट करायची नाही, पण अर्धवट काही ठेवायची नाही. ताटात चतकोर भाकरी राहिली तरी ती ठसका लागेपर्यंत संपवायची. तिचे दोन पेपर राहिले होते.

तिच्याबद्दल कोणी कुठं लिहिलं असेल तर काय लिहिलं असेल? माझी मैत्रीण कुठं आहे, असं तर नक्कीच नाही. लिहिणारा वर्तमानपत्राचा, त्याच्या तोंडानं विचारायचं. मी हळूहळू लिहिलं: मारेगाव, गृहिणी, लग्नानंतर, दहावी, उत्तीर्ण.

तिसऱ्या ठिकाणी एक जुनी बातमी होती. मारेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात सासू आणि सून एकाच वर्षी दहावी पास झाल्या होत्या. सासूबाईंचं नाव अनसूया. खाली फोटो. आजकाल फोटोवाले सांगतात तशी पोज: दोघी टेबलाशी बसलेल्या, पुढं वही, हातात पेन. सून कॅमेऱ्याकडं पाहते आहे. सासू वहीकडं. चेहरा भरलेला, केस पांढरे, मला काही ओळखू येईना. बोटांनी फोटो मोठा केला, इतका मोठा की नुसते ठिपके झाले.

पेन डाव्या हातात होतं.

मी ओरडले, हे धावत आले, त्यांना वाटलं मला काही झालं. "सापडली," मी म्हणाले. त्यांनी फोटो पाहिला, नाव पाहिलं. "हे तर अनसूया हाय," म्हणाले. "तुही नलू कुठी हाय?" तुम्हीच सांगा, या माणसाला ताटातले तांदूळ कोणी दिले असतील?

प्रतिभानं मारेगावच्या वाचनालयातल्या तिच्या ओळखीच्या बाईंना विचारलं, त्यांनी त्या खेड्यातल्या अंगणवाडीच्या बाईंना, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी माझ्यासमोर एक नंबर होता. इतके दिवस शोधायची घाई, आणि आता बोट पुढं होईना. मी देवाला दिवा लावला, चहा घेतला, हुकांची डबी आवरली, परत उघडली. हे म्हणाले, "लाव आता, नाहीतर मी लावतो." त्या भीतीनं लावला.

"कोन?"

"मी शकू."

"कोनती शकू?"

"नेरची. दहावीची. तुह्या मामाच्या मांगच्या खोलीतली."

पलीकडं कोंबडा आरवत होता, कोणीतरी भांडी घासत होतं.

"जित्ती हाय काय वं तू?" ती म्हणाली. "कुठी मेली होती एवढे दिवस?"

मी ठरवलेलं भाषण सुरू केलं. दोन बायका, दारातली मी, अमरावती, मास्तरीण, सगळं एका दमात. तुझे पेपर माझ्यामुळं बुडाले, मला माफ कर. पलीकडून काहीच येईना. वाटलं, रडते आहे. मग कळलं, खांदे हलत असतील. आवाज मागून आला.

"तुह्यामुळं? तू काय तहसीलदार होती काय वं? अवं बह्याडे, मामानं पंधरा दिवसाआधीच सुपारी फोडली होती. तारीख बी ठरली होती. थ्या बाया चोळीचं माप घ्यायले आल्या होत्या. तुले कोनी काही विचारलंच नोतं. तूच बोलून राह्यली होती."

"तुले माहीत होतं?"

"त दुसऱ्या कोनाले माहीत असन?"

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तुले सांगतलं असतं त तू रडत बसली असती, अन् तुहा पेपर बुडाला असता. एकीचा तरी होऊ दे म्हनलं."

पन्नास वर्षं मी स्वतःला एवढी मोठी गुन्हेगार समजत होते, आणि तिथं तर मी साधी साक्षीदारही नव्हते. मला त्या खोलीतली दुसरी पोरगी कधी दिसलीच नाही, जी पंधरा दिवस माझ्याशेजारी एकाच उशीवर झोपत होती, सगळं ठाऊक असून मला पानिपत म्हणून दाखवायला सांगत होती. मग मी माफी कशाची मागत होते? आणि आता कशाची मागू?

"ते जाऊ दे," नलू म्हणाली. "माही कंपासपेटी कुठी हाय?"

"कोनती?"

"कोनती म्हंजे? उशीखाली राह्यली होती. मले सांजच्या वक्ती एकदम नेलं न. तुह्या कर्कटकाचा पेच ढिला होता, म्हनून तू भूमितीले माहीच नेली असन. मी दोन-तीनदा सर्च बी मारून पायलं, शकुंतला म्हनून. कुठी सापडतच नाही तू."

"अवं, एक पेटी माह्याजवळ हाय ना, पन थे त माही..." मी म्हणाले.

"झाकनाच्या आत पाह्य. कोपऱ्यात पोचा हाय. निघत नोती त मी दातानं उघडली होती एकदा."

मी डबीतल्या सुया, हुकं, स्क्रू, सगळं मांडीवर पालथं केलं. झाकण उजेडाकडं धरून वाकवलं. कोपऱ्यात दोन बारके पोचे होते, शेजारी शेजारी, दातांएवढे. रोज टक-टक करताना माझं बोट त्यावर पडतं. मला वाटायचं, बिजागरीचेच असतील.

आणि मग भूमितीच्या पेपरची सकाळ आठवली, इतकी वर्षं न आठवलेली: उशी उचलणारी शकू, खालची पेटी, इकडं-तिकडं बघणं, आणि दप्तरात पेटी. भेटली की देऊन टाकू, असं ती मनात म्हणाली होती. माझी स्वतःची पेटी धाकट्या भावानं नेली, हेही आता आठवलं. एवढी वर्षं मी आठवणीला मोठाच प्रश्न विचारत राहिले आणि ती मला त्याच्याशी जुळणारंच दाखवत राहिली.

"हाय," मी म्हणाले. "पोचा हाय."

"पाह्य! मी दुसऱ्या वक्ती परीक्षेले बसली तवा नवीन घ्या लागली मले. सुनेनं हसून घेतलं, म्हने सासूबाई, आता तुमाले कोनते कोन मोजायचे? बरं, त्या पेटीत कोनमापक हाय काय अजून? एका बाजूनं तुटका होता."

कोनमापकानं मी मुलांसाठी अर्धगोल करंज्या कापायची. हे मी तिला सांगितलं नाही. काही गोष्टी समोरासमोर सांगाव्यात, पळायला जागा असते.

"येजो," ती म्हणाली. "अन् पेटी घेऊन येजो. नाहीतर येऊ नको."

आज शेवटचा पेपर. समोर घंटा झाली आहे, फाटकाशी बाप उन्हात उभे आहेत, पळसाखाली आता नुसता पाचोळा. मी हुकं आणि सुया एका प्लास्टिकच्या डबीत काढून ठेवल्या. कर्कटकाचं टोक चिंधीत गुंडाळलं. कोनमापकाला लागलेलं कुठल्याशा दिवाळीचं पीठ नखानं खरवडलं, सगळं काही निघालं नाही.

"तिथी जाऊन कोनाले विचारशील?" हे म्हणाले. "नलू म्हनशील की अनसूया?"

मी मोबाईल घेतला. बरी आहेस का, कशी आहेस, यातलं काही न लिहिता तीनच शब्द टोचले: आर्णी मारेगाव बस.

पहिल्याच ओळीत आलं. थेट नाही, यवतमाळला उतरून दुसरी धरावी लागते.